दिल्लीच्या जंगलात ड्रायव्हर बॅगेतच का राहतो?

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, पुण्यात गोल्फ खेळते. लांब मारते आणि ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), तिच्या सगळ्यात आवडीचा. येत्या हिवाळ्यात दिल्ली गोल्फ क्लबवर तिची पहिली स्पर्धा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात रोरी मॅकिलरॉयनं तिथं ड्रायव्हर वापरायचाच नाही असं ठरवलं, ही बातमी तिनं वाचली आणि तेव्हापासून ती गोंधळली आहे. एवढा लांब मारणारा माणूस असं का करतो? तिथल्या मोठ्या स्पर्धांचा इतिहास काय सांगतो? आणि तिनं तयारी कशी करावी?

उत्तर:

मॅकिलरॉय घाबरला नव्हता, हे आधी मुलीला सांगा. त्यानं हिशेब केला होता. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर ड्रायव्हरनं मिळणाऱ्या चाळीस यार्डांपेक्षा झुडपात गेलेल्या एका बॉलची किंमत जास्त आहे, आणि ही गोष्ट तिथं पहिली मोठी स्पर्धा झाली तेव्हापासून तशीच आहे. मी व्यावसायिक म्हणून त्या कोर्सवर बरेच हिवाळे खेळलो, आता पुण्यात मुलांना शिकवतो. तिथं जिंकणाऱ्यांची यादी मी शिकवण्यासाठी वापरतो, कारण त्या यादीत एक ठरावीक जातीचा खेळ पुन्हा पुन्हा दिसतो.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. हुमायूनच्या मकबऱ्याजवळ, राजधानीच्या अगदी मध्यात, बाभळी आणि काटेरी झुडपांचं एक जुनं रान आहे. त्या रानातून गवताचे पट्टे कापून काढावेत तसे तिथले फेअरवे आहेत. १९३० च्या दशकात इथं लोधी गोल्फ क्लब होता, १९५० मध्ये तो दिल्ली गोल्फ क्लब झाला. क्लबच्या आवारात मुघल काळातला ‘लाल बंगला’ उभा आहे, खेळताना मध्येच एखाद्या जुन्या कबरीचा घुमट झाडांवर डोकावतो, मोर टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, चालत जातात. पाहायला फार सुंदर. पण पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कोर्सवर बॉल वाकडा गेला की बहुधा दुसऱ्या झाडाखाली, नाहीतर शेजारच्या फेअरवेवर सापडतो. तिथून निदान काहीतरी मारता येतं. लोधीवर फेअरवेच्या कडेला गवताची एक अरुंद पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे लगेच झुडपं. बॉल आत गेला तर तो सापडेल याची खात्री नसते, आणि सापडला तरी क्लब फिरवायला जागा मिळेल याची त्याहून कमी.

आता हिशेब. अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरच्या शॉटलिंक मोजणीतून निघालेले सरासरी आकडे असे आहेत: फेअरवेवर १२० यार्डांवरून त्या दर्जाचा खेळाडू सरासरी २.८५ फटक्यांत होल संपवतो आणि १६० यार्डांवरून २.९८ फटक्यांत. म्हणजे टीवरून ड्रायव्हर बाजूला ठेवून लांब आयर्न (लोखंडी डोक्याचा, कमी लांब जाणारा क्लब) घेतली आणि चाळीस यार्ड मागे राहिलात, तर नुकसान ०.१३ फटक्याचं. पार म्हणजे होलसाठी ठरवून दिलेले फटके. पार-३ चे छोटे होल सोडले तर फेरीत टीवरून असे चौदा फटके येतात. चौदाही वेळा आयर्न मारली तरी एकूण नुकसान १.८२ फटके. उलट एक बॉल हरवला की एक पेनल्टी आणि परत टीवर जाऊन तिसरा फटका, म्हणजे सरळ दोन फटके गेले. संपूर्ण फेरीत ड्रायव्हरनं कमावलेलं सगळं एका हरवलेल्या बॉलमध्ये संपतं, वर थोडं देणंच राहतं. बॉल सापडला पण आडवा मारून बाहेर काढावा लागला, तर पाऊण-एक फटका गेला तो वेगळाच.

हे आकडे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे आहेत, तुमच्या मुलीला जसेच्या तसे लागू नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीला चाळीस यार्ड मागे राहणं जास्त महागात पडतं, कारण १६० यार्डांवरून तिच्या हातात कदाचित हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) असेल. म्हणून सगळीकडे आयर्न मार असं मी तिला सांगणार नाही. तिनं स्वतःचा हिशेब मांडायला शिकावं, एवढंच मला तिच्याकडून हवं आहे. तो कसा मांडायचा ते पुढे येईल.

इतिहासाकडे वळतो, कारण हा धडा तिथं नावांसकट लिहिलेला आहे.

इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. पहिली स्पर्धा दिल्लीतच झाली आणि ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसननं जिंकली. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला हा माणूस. त्याच्या खेळाचा पाया ताकदीचा नव्हता. बॉल कुठं टप्पा घेईल, किती घरंगळेल, दुसरा फटका कुठून सोपा जाईल याचा तो विचार करायचा. ही स्पर्धा सुरू व्हावी म्हणून त्यानं स्वतः खटपट केली आणि पुढे १९६६ व १९७६ मध्येही ती जिंकली. १९७६-७७ च्या सुमारास दिल्लीच्या कोर्सची नवी आखणीही त्याच्याकडेच आली: अठरा होलचा लोधी कोर्स आणि नऊ होलचा पीकॉक कोर्स. झाडं तोडून मैदान मोकळं करणारा आखणीकार आला असता तर आज हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. थॉमसननं रान राहू दिलं. जो खेळ त्याला स्वतःला आवडायचा, तोच तो कोर्स मागतो, असं मला तिथं प्रत्येक वेळी वाटत आलं आहे.

१९८२ मध्ये एशियाड दिल्लीत झालं आणि गोल्फचा त्यात पहिल्यांदाच समावेश झाला. सामने याच कोर्सवर झाले. लक्ष्मण सिंग यांना वैयक्तिक सुवर्ण मिळालं, भारतीय संघालाही सुवर्ण. ते सगळे हौशी खेळाडू होते, पैशासाठी खेळणारे नव्हेत. त्या काळात भारतात व्यावसायिक गोल्फपटूला प्रतिष्ठा फार कमी होती. क्लबच्या सभासदांनी खेळायचं आणि बॅग उचलणाऱ्यांनी बॅग उचलायची, अशी सरळ विभागणी होती.

ती विभागणी ज्या दिवशी हलली तो दिवस मला फार मोलाचा वाटतो. १९९१ मध्ये अली शेरनं दिल्लीत इंडियन ओपन जिंकली. त्याच क्लबवर कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, म्हणून वाढलेला मुलगा. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच्या आधी १९६५ मध्ये पी. जी. सेठींनी ती जिंकली होती, पण ते हौशी होते. अली शेरनं दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, ती पुन्हा जिंकली, म्हणजे पहिल्या विजयाला कोणी नशीब म्हणत असेल तर त्याचंही उत्तर मिळालं.

परदेशातून चांगल्या बॅगा, चांगले बॉल, चांगले प्रशिक्षक घेऊन आलेले खेळाडू मागे राहतात आणि कॅडी जिंकतो, याचं कारण मला तिथं खेळायला लागल्यावर कळलं. कॅडी दिवसाला दोन-दोन फेऱ्या चालतो. हजारो बॉल कुठं हरवतात हे त्यानं बघितलेलं असतं. कुठल्या होलवर डावीकडची झुडपं मारक आहेत आणि कुठं उजवीकडे आत गेलेल्या बॉलला बाहेर यायला फट असते, हे त्याच्या पायांना माहीत असतं. आपल्याकडच्या बहुतेक क्लबांवर कॅडींना आठवड्यातून एखाददिवस खेळायला मिळतं, तेही कुणीतरी दिलेल्या दोन-चार जुन्या क्लबांनी आणि मोजक्या बॉलनी. ज्याच्याकडे तीनच बॉल आहेत तो बॉल हरवायचा फटका मारत नाही. हे शिक्षण कुठल्याच अकॅडमीत मिळत नाही.

या यादीत तशी माणसं बरीच आहेत. एस.एस.पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते आणि तो तिथंच खेळ शिकला. ताकद बेताची, पण ग्रीनजवळचा (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताजवळचा) हात असा की सहकारी त्याला ‘चिप-पट-सिया’ म्हणत. फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स झाली. युरोपियन टूरची भारतातली ती पहिली स्पर्धा. चार दिवसांत पारपेक्षा नऊ कमी, २७९ फटके, आणि चौरासिया दोन फटक्यांनी जिंकला. त्या मैदानात त्याच्यापेक्षा लांब मारणारे किती होते ते मोजायलाच नको. २०१३ ची इंडियन ओपन दिल्लीत बांगलादेशच्या सिद्दिकुर रहमाननं जिंकली, तो ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबवर बॉलबॉय म्हणून आलेला मुलगा. २०१६ मध्ये म्हौच्या मुकेश कुमार यांनी पॅनासॉनिक ओपन जिंकली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. एकावन्नाव्या वर्षी एशियन टूरवर पहिला विजय! पंचविशीतल्या पोरांशी लांबीत बरोबरी करून हे जमलेलं नाही.

पण यादी एवढीच वाचली तर चुकीचा धडा मिळेल. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर. तो चांगला लांब मारतो, हातात सगळे फटके आहेत. एशियन टूरवरचे त्याचे पहिले तिन्ही विजय याच कोर्सवरचे: २०११ ची पॅनासॉनिक ओपन, २०१२ आणि २०१३ ची सेल-एसबीआय ओपन. तिन्ही प्लेऑफमध्ये. मुलीला सांगताना या ‘तिन्ही प्लेऑफमध्ये’वर जोर द्या. प्लेऑफ म्हणजे चार दिवसांच्या शेवटी कुणीतरी बरोबरीत आहे आणि आता जो पहिला घसरेल तो हरेल. लाहिरीकडे ताकद होतीच. कुठल्या टीवर ती म्यानात ठेवायची हे त्याला कळत होतं, आणि तेच जास्त उपयोगी पडलं असं माझं ठाम मत आहे.

आणि मग २०१५ ची इंडियन ओपन. मी तो रविवार कधी विसरणार नाही. शेवटच्या दिवशी सकाळी चौरासिया पुढे होता आणि लाहिरी त्याच्या सात फटके मागे. सात फटके म्हणजे साधारणपणे तुम्ही दुसऱ्या नंबरसाठी खेळता. लाहिरीनं ६९ मारले. फार भन्नाट आकडा नाही, पारपेक्षा दोन कमी. चौरासियाचे झाले ७६. दोघे २७७ वर बरोबरीत आले आणि अठराव्या होलवर, पार-५ वर, लाहिरीनं पहिल्याच प्लेऑफ होलला बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून स्पर्धा घेतली. चौरासियासारखा हा कोर्स हातावरच्या रेषांसारखा ओळखणारा माणूसही लाहिरीवरची सात फटक्यांची आघाडी एका दिवसात गमावू शकतो. तिथं आघाडी घेऊन खेळणं अवघड असतं, कारण प्रत्येक टीवर दोन्ही बाजूंना काहीतरी हरवायला असतं. लाहिरीनं त्या दिवशी चमत्कार केला नाही. तो चुकला नाही, आणि कोर्सनं बाकीच्यांना चुकायला लावलं.

चौरासिया त्याआधी इंडियन ओपनमध्ये कित्येकदा दुसरा आला होता. २०१६ मध्ये तो पुन्हा दिल्लीला आला आणि २७३ फटक्यांत, पारपेक्षा पंधरा कमी करून, लाहिरी आणि कोरियाच्या वांग जुंग-हुनला दोन फटक्यांनी मागे टाकून जिंकला. आधीच्या वर्षी तसं हरलेला माणूस तेरा महिन्यांनी त्याच अठराव्या होलवर उभा राहतो आणि जिंकतो, हे मी विद्यार्थ्यांना गोल्फपलीकडचं उदाहरण म्हणूनही सांगतो. पुढच्या वर्षी इंडियन ओपन गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर गेली, तिथंही त्यानंच ती सात फटक्यांनी जिंकली.

बाकीची नावं भरभर सांगतो. लखनौचे विजय कुमार यांनी २००२ मध्ये इंडियन ओपन घेतली. २०१४ मध्ये सेल-एसबीआय ओपन रशीद खाननं जिंकली, तोही दिल्लीचाच. २०१७ ची पॅनासॉनिक ओपन शिव कपूरनं जिंकली. तो याच क्लबवर लहानाचा मोठा झाला. पुढच्या वर्षी बंगळुरूचा खालिन जोशी. घरचे, नाहीतर या मातीत वर्षानुवर्षं खेळलेले लोक इथं वारंवार वर येतात, हे तुम्हाला आता दिसत असेल.

२०१९ मध्ये गॅरी प्लेअरच्या कंपनीनं लोधी कोर्स नव्यानं केला, ग्रीन बदलले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये इथं डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, बक्षिसाची रक्कम चाळीस लाख डॉलर. मॅकिलरॉय, टॉमी फ्लीटवूड, शेन लोरी, व्हिक्टर हॉवलँड असे खेळाडू दिल्लीत एकत्र आले. जिंकला फ्लीटवूड, पारपेक्षा तब्बल बावीस कमी करून, जपानच्या केइता नाकाजिमाच्या दोन फटके पुढे.

तुमच्या मुलीनं या निकालातली एक गोष्ट नीट बघावी. ड्रायव्हर बाजूला ठेवायचं मॅकिलरॉयनं ठरवलं, तरी तो विजयाच्या शर्यतीत नव्हता. म्हणजे ड्रायव्हर न मारणं ही काही जादू नाही. टीवरून बॉल खेळात ठेवला की तुम्हाला फक्त दुसरा फटका मारायचा हक्क मिळतो. पुढचं काम आयर्ननं, वेजनं (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटरनं (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) करायचं असतं. फ्लीटवूडची ओळख त्याच्या आयर्नमुळे आहे, आणि फेअरवेवरून खेळायला मिळालं की ती आयर्न काय करते ते त्या आठवड्यात दिसलं. २००८ मध्ये उणे नऊला जिंकता आलं, २०१५ मध्ये उणे सातला प्लेऑफ झाला आणि २०२५ मध्ये उणे बावीस लागले. कोर्स सोपा झाला असं मी यातून म्हणणार नाही. मैदानातल्या खेळाडूंचा दर्जा वेगळा होता, ग्रीन नवे होते, आणि इतके खेळाडू पहिल्या दिवसापासून जपून टी-शॉट मारत होते असं मी तिथं आधी पाहिलं नव्हतं. पूर्वी परदेशी पाहुणे पहिले दोन दिवस रानाशी भांडण्यात घालवायचे.

माझीही पहिली फेरी तशीच गेली होती. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, पुण्यात लांब मारणारा म्हणून ओळख होती आणि ती टिकवायची होती. पहिल्या नऊ होलमध्ये तीन बॉल गेले. पुढे बॉल बघायला उभा असलेला आगेवाला वयस्क होता. प्रत्येक वेळी तो शांतपणे झुडपात शिरायचा, काट्यांत हात घालून शोधायचा आणि मान हलवायचा. नववं होल संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “साहब, जंगल मत देखिए, गुंबद देखिए.” पुढच्या टीवर खरंच झाडांवर एक घुमट दिसत होता, आणि त्याच्या रोखानं लोखंडी क्लबनं मारलेला बॉल फेअरवेच्या मधोमध जात होता. मागच्या नऊ होलला एकही बॉल हरवला नाही. तोवर मी टीवर उभा राहून कुठं जायला नको ते बघत होतो. कुठं जायचं आहे ते बघायला त्या माणसानं मला शिकवलं. त्याचे हात मला अजून आठवतात, काट्यांनी ओरखडलेले.

आता तयारी. अजून वेळ आहे असं धरून सांगतो.

तिला एक वही करू द्या. पुढचे दहा सराव-सामने तिनं नेहमीसारखेच खेळावेत, पण टीवरच्या प्रत्येक फटक्यानंतर लिहावं: कुठला क्लब, किती यार्ड, आणि ठरवलेल्या रेषेपासून डावी-उजवीकडे किती पावलं. पुण्याच्या कोर्सवर बॉल सापडला तरी ‘दिल्लीत हा सापडला असता का?’ या प्रश्नासमोर प्रामाणिकपणे हो किंवा नाही लिहावं. रेषेपासून पंधरा पावलांच्या पलीकडे गेलेला प्रत्येक बॉल मी ‘नाही’ धरतो. दहा फेऱ्यांत ड्रायव्हरचे जे ‘नाही’ येतील ते मोजा, मग हायब्रिडचे मोजा. एवढी नोंद समोर आली की कुठल्या होलला काय मारायचं ही चर्चा भावनेवर होत नाही. ड्रायव्हरचे ‘नाही’ पंधरात एकापेक्षा कमी आले तर दिल्लीतही तिनं तो रुंद होलवर जरूर मारावा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांचे तसे आले आहेत.

ड्रायव्हरऐवजी एक ‘भरवशाचा’ फटका तिच्याकडे हवा. 3-वूड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब जाणारा क्लब) हे त्याचं उत्तर नव्हे, इथं बरेच पालक चुकतात. 3-वूड ड्रायव्हरइतकीच वाकडी जाऊ शकते आणि बराच वेळ तितकाच गोंधळ घालते. हायब्रिड किंवा 4-आयर्न, छोटी टी (बॉल ठेवायची खुंटी), तीन-चतुर्थांश स्विंग, फिनिश छातीपर्यंत. रोज तीस बॉल. रेंजवर दोन काठ्या रोवून पंचवीस पावलांचं दार करा आणि तीसपैकी किती त्यातून जातात ते त्याच वहीत लिहा. सत्तावीस जायला लागले की ती दिल्लीला तयार.

दुसरा फटका सुटकेचा. झाडाखालून कमरेच्या उंचीवरून जाणारा पंच: बॉल मागच्या पायाकडे, हात पुढे, 5 किंवा 6 आयर्न, मनगट शांत. पुण्याच्या झाडांखाली याचा सराव होतो. पण सरावात तिनं बहुतेक वेळा आडवं, फेअरवेकडे मारायचं. दोन फांद्यांमधल्या फटीतून ग्रीन दिसतं आणि मन तिकडेच ओढ घेतं. ती फट मला दहा वर्षं फसवत आली.

नियमांचा सराव मुलं करत नाहीत, आणि रानातल्या कोर्सवर नियम माहीत नसले की फटके जातात. बॉल झुडपाच्या दिशेनं गेला की लगेच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर चालणारा राखीव बॉल, आणि तो शब्द मोठ्यानं उच्चारायचा. न बोलता दुसरा बॉल मारला तर तोच खेळातला बॉल ठरतो, मग पहिला सापडून उपयोग नाही. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वीची पाच नाहीत. बॉल सापडला पण खेळण्याजोगा नसेल तर एक पेनल्टी घेऊन तीन वाटा आहेत: आधीच्या जागेवरून पुन्हा मारणं, होल आणि बॉल यांच्या रेषेत मागे जाऊन ड्रॉप करणं, किंवा बॉलपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करणं. लोधीवर तिसरी वाट बऱ्याचदा दुसऱ्या झुडपातच नेते, म्हणून ड्रॉप करण्याआधी दोन क्लब मोजून बघायचं आणि मगच ठरवायचं. टीवर परत जाणं कधी कधी सगळ्यात स्वस्त पडतं, त्यात कमीपणा नाही. बॉलच्या आसपासची सुकी पानं हलवताना बॉल हलला तर एक पेनल्टी, म्हणून शंका असेल तर पान राहू द्या. आणि स्विंगच्या आड येणारी फांदी मोडली किंवा वाकवून अडकवली तर दोन. मी एका चांगल्या मुलाला यामुळे कट (शेवटच्या फेऱ्यांत जायची मर्यादा) चुकवताना बघितलं आहे. त्यानं रागानं मोडली नव्हती, नुसती बाजूला सारून ठेवली होती.

थंडीबद्दलही विचार करा. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, सुरुवात लांबते, हात गारठतात आणि बॉल पुण्यापेक्षा कमी जातो. वॉर्म-अप झाल्यावर तासभर बसून राहावं लागलं तर पुन्हा दहा बॉल मारल्याशिवाय पहिल्या टीवर जायचं नाही. पातळ स्वेटरचे दोन थर बरे, एक जाड जॅकेट नको, त्यात खांदे वळत नाहीत.

सरावाची फेरी मिळाली तर तिनं स्कोअर अजिबात लिहू नये. शक्य झालं तर एक दिवस आधी क्लबशिवाय, उलट्या दिशेनं कोर्स चालावा: ग्रीनवरून टीकडे. ग्रीनवर उभं राहून मागे बघितलं की फेअरवेचा कुठला भाग खरा रुंद आहे ते दिसतं, टीवरून ते दिसत नाही. प्रत्येक होलला तिनं एक दूरची खूण निवडावी, घुमट, उंच झाड, इमारतीचा कोपरा, आणि वहीत लिहावी. झुडपाचं वर्णन लिहायचं नाही, फक्त खुणेचं.

आणि स्पर्धेत कॅडी घ्यायची परवानगी असेल तर तो तिथलाच घ्या, आणि शक्य असेल तर वयानं मोठा. तुम्ही स्वतः बॅग उचलायचा मोह आवरा. पहिल्या टीवर मुलीनं त्यांचं नाव विचारावं, आपला हायब्रिड किती जातो ते सांगावं, आणि ते ज्या खुणेकडे बोट दाखवतील तिकडे मारावं.